तीन पुढे की चार

नोव्हेंबर लागला की मृणाल पलंगावर चढून कपाटावरच्या बॅगा खाली ओढते आणि आमच्या जर्सी सिटीच्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये डांबरगोळ्यांचा वास भरून राहतो. स्वेटर निघतात, कानटोप्या निघतात, आईनं सांगलीहून मोठ्या हौसेनं पाठवलेली आणि इथल्या थंडीपुढे काडीचाही उपयोग नसलेली शाल निघते. सगळ्यात शेवटी, तळाशी घडी करून ठेवलेलं ते जॅकेट निघतं. गडद हिरवं, पांढऱ्या बाह्यांचं, छातीवर कॉलेजचं भलंमोठं अक्षर शिवलेलं. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली. दर वर्षी मृणाल ते झटकून माझ्यासमोर धरते आणि म्हणते, "इतकं छान आहे, एकदा तरी घाल की. नाहीतर देऊन तरी टाकू कुणाला." मी म्हणतो, "असू दे." मग ती परत घडी घालते. यंदा मात्र तिनं घडी घातली नाही. खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि कामाला निघून गेली.

गेले चार दिवस ते तिथंच आहे. मी जेवायला बसतो तिथून बरोब्बर समोर दिसतं.

त्यात सोमवारी टेरेलची ईमेल आली. टेरेल म्हणजे त्या साली आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये बचावाच्या डाव्या टोकाला खेळणारा गडी. आता तो ट्रेंटनच्या बाजूला एका शाळेत गणित शिकवतो आणि तिथल्या टीमचा कोच आहे. त्यानं लिहिलं होतं, 'माझ्या पोरांना मॅचच्या नोंदींचे कागद वाचायचा कंटाळा. शनिवारी सकाळी ये आणि त्यांना सांग, तू हाफटाइमला चूक कशी पकडलीस ते. जॅकेट घालून ये. आई अजून येईल-जाईल त्याला त्या सेकंड हाफची गोष्ट ऐकवते.'

मी अजून उत्तर दिलेलं नाही. चूक पकडली होती हे खरं आहे. हाफटाइमला पकडली, हे खरं नाही.

यंदाचा हिवाळा तसाही धड नाही. ऑफिसात रोज कामावरून काढलेलं कुणीतरी पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून लिफ्टमध्ये शिरतं आणि बाकीचे सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालून बसतात. लिफ्टचं दार बंद होतं तेव्हा मी टाइप करता करता थांबतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईला वाटतं, मी नोकरीला घाबरलोय. घाबरलोय म्हणा, पण लिफ्टचं माझं दुखणं जुनं आहे.

त्या नोव्हेंबरला वास होता तो ओल्या गवताचा. पिस्कॅटवे-एडिसनकडून पश्चिमेला तासभर गेलं की टेकड्या लागतात, तिथलं ते कॉलेज. लहानसंच. सकाळी गवतावर पांढरी झाक असायची आणि बागकामवाले पाठीला यंत्र बांधून पानं उडवत हिंडायचे. त्या यंत्रांची घरघर दिवसभर चालायची. ती इथं खालच्या रस्त्यावर ऐकू आली तरी मला अजून तळघरातली व्हिडिओरूम आठवते. खिडकी नसलेली खोली, कोपऱ्यात टकटक करणारा हीटर, टेबलावर तीन टीव्ही आणि टेपांचे ढीग.

मी स्टॅटिस्टिक्सचं एमएस करत होतो. डिपार्टमेंटच्या बोर्डवर एक चिठ्ठी लागली होती. फुटबॉल टीमला टेपा बघून प्रत्येक चालीची नोंद करणारा माणूस हवा होता, आधीचा मुलगा मध्येच सोडून गेला होता. त्या नोंदींच्या बदल्यात फी माफ. मला त्या बॉल हातात धरून धडकायच्या फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण फी माफ हे चांगलंच कळत होतं. ती माफी गेली असती तर पुढचं सेमिस्टर करणं शक्य नव्हतं, सरळ सांगलीचं तिकीट काढावं लागलं असतं.

आणि नोंदी ठेवणं तर माझ्या रक्तात होतं. सांगलीत मी आमच्या क्लबच्या क्रिकेट टीमचा स्कोअरर होतो. बॅट हातात घेतली की लोक चहा प्यायला उठायचे, बोलिंग टाकली की अंपायर डोळे मिटायचा, पण स्कोअरबुक माझ्यासारखं कुणी ठेवत नसे. बॉल कुठं गेला, कुणी अडवला, सगळं पेन्सिलीनं बारीक अक्षरात. माझ्या वहीत खाडाखोड सापडली तर मी मिशी उतरवीन असं मी म्हणायचो. तेव्हा मिशी होती.

खेळ मी तिथं शिकलो तो बचाव बघत बघत. पलीकडचे अकरा जण बॉल घेऊन पुढे घुसायला बघतात, अलीकडचे अकरा त्यांना अडवतात. अडवणाऱ्यांनी उभं कसं राहायचं, यात आमच्या बचावाच्या कोचचं अख्खं आयुष्य गेलं होतं. चार धिप्पाड गडी अगदी पुढे, वाकून, एक हात जमिनीला टेकवून, आणि त्यांच्या पाठीशी तीन चपळ. नाहीतर मग तीन धिप्पाड पुढे आणि चार चपळ मागे. बाकीचे चौघे दोन्हीकडे तेच. पलीकडचे कुठल्या बाजूनं घुसणार हे माहीत असलं तर चार पुढे रोवायचे आणि त्या बाजूला आपला सगळ्यात खमका गडी उभा करायचा. माहीत नसलं तर तीनच रोवायचे आणि चौघांना मागं मोकळं ठेवायचं, जिकडं बॉल तिकडं पळतील. ऐकायला सोपं वाटतं. कोच मात्र जेवताना सुद्धा मीठ-मिरीच्या डब्या अशा मांडायचा, अन् परत तशा मांडायचा.

हा कोच साठीचा होता. मान नाहीच, खांद्यांवर थेट डोकं. मला तो 'प्रोफेसर' म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्यानं मला भिंतीवरच्या चित्रासमोर उभं केलं आणि म्हणाला, "प्रोफेसर, एकच नियम. या खोलीत डावं म्हणजे आपलं डावं. आपण अडवणारे. आपल्या जागेवर उभं राहून बघायचं, त्यांच्या नाही." मी मान डोलावली. आपल्याकडची ती मान, जिचा अर्थ फक्त ऐकलं एवढाच असतो. त्याला वाटलं, मला समजलं. मलाही तसंच वाटलं.

पण बोटांना कोण सांगणार? क्रिकेटमध्ये सगळं मैदान बॅट्समनच्या डोळ्यांनी बघायचं असतं. ऑफ त्याचा, लेग त्याचा. फिल्डिंग लावणारा कॅप्टन सुद्धा स्वतःच्या डाव्या-उजव्या हाताचा विचार करत नाही. पंधरा वर्षं मी मारणाऱ्याच्या बाजूनं मैदान लिहीत आलो होतो. समोर टीव्हीवर बॉल घेतलेला गडी पळायला लागला की मी आपोआप त्याच्या पाठीमागं जाऊन उभा राहायचो आणि त्याचं उजवं ते उजवं लिहायचो. दोघं समोरासमोर उभे असतात. त्याचं उजवं म्हणजे आपलं डावं. पोराटोरांना कळतं हे.

घरच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचसाठी पलीकडच्या टीमच्या आठ मॅचेसच्या टेपा होत्या. पहिल्या चार आधीच्या मुलानं लिहून ठेवल्या होत्या, पुढच्या चार मी लिहिल्या. एकट्यानं केलेली माझी ती पहिलीच नोंद. आठही कागद एकत्र करून मी तक्ता केला, रेघा मारल्या, बेरजा दोनदा तपासल्या. ते डावीकडून जितक्या वेळा घुसतात तितकेच उजवीकडून, अगदी तराजूत तोलल्यासारखं. आकडे असे सुबक जुळले की स्टॅटिस्टिक्सवाल्यानं खरं तर दचकायला हवं. मी खूश झालो.

सोमवारी दुपारी कोचनं तो तक्ता हातात घेतला. बराच वेळ बघत राहिला.

"मी टेपा पाहिल्यात," तो म्हणाला. "माझा डोळा म्हणतोय ते डावीकडे झुकतात."

"सारखेच आहेत, कोच. दोन्हीकडे."

"नक्की?"

"आठही मॅचेस मोजल्यात," मी म्हणालो. छाती फुगवून म्हणालो हेही सांगून टाकतो.

त्यानं कपाळ चोळलं. वरच्या साहेबांना त्या वर्षी सगळं आकड्यांवर हवं होतं, हे मला ठाऊक होतं. मग त्यानं बोर्डावरची एक फुली बोटानं पुसली आणि मागच्या ओळीत काढली. चाराचे तीन झाले. पुसली ती डाव्या टोकाची फुली होती. ती फुली म्हणजे टेरेल.

टेरेलचं असं होतं की तो ना इकडचा ना तिकडचा. चार पुढे असले तर डाव्या टोकाला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण तिघांच्या मांडणीत पुढं उभं राहायला तो जरा हलका पडायचा आणि मागच्या चौघांत पळायला जरा जड. त्याच्या जागी मागे खेळायला दुसऱ्या वर्षाचा एक काटक मुलगा आला. टेरेलला ती बातमी कोचनं स्वतः सांगितली. मला ती टेरेलनंच सांगितली, कारण दर बुधवारी तो माझ्याकडे स्टॅटिस्टिक्स शिकायला यायचा. त्या विषयात पास झाल्याशिवाय त्याला डिग्री मिळणार नव्हती.

"आई येतेय," तो वही उघडत म्हणाला. "ओहायोहून. नऊ तास ड्राइव्ह करून. चार वर्षांत पहिल्यांदा शनिवारची सुट्टी मिळालीय तिला."

"मग?"

"मग काय. सीनियर डे आहे ना. तिच्याबरोबर मैदानात चालत जाणार, तिला फूल देणार, आणि बेंचवर जाऊन बसणार." तो हसला. "सांग, स्टँडर्ड डेव्हिएशनचं काय म्हणत होतास?"

सीनियर डे म्हणजे तिथली एक रीत. घरच्या शेवटच्या मॅचच्या आधी शेवटच्या वर्षाची मुलं आपापल्या आईबापांचा हात धरून मैदानाच्या मधोमध येतात, नाव पुकारलं जातं, लोक टाळ्या वाजवतात. मला फार आवडायची ती कल्पना. आपल्याकडे मुलगा पास झाला की पेढे, पण खेळला म्हणून आईला मैदानात कोण आणतं?

त्या बुधवारी मी त्याला फार छान शिकवलं. माझ्या तक्त्यामुळं त्याची जागा गेलीय याचं वाईट वाटत होतं, पण आकडे ते आकडे, त्याला मी तरी काय करणार, अशी एक पुस्तकी समजूत मी स्वतःची घालून घेतली होती.

शुक्रवारी सकाळी कोचला पलीकडच्यांच्या काही लांब पासेसची टेप जोडून हवी होती. ते पास शोधायला मी आठही कागद टेबलावर ओळीनं पसरले. दहा वाजले होते, वरून बाहेरची ती घरघर ऐकू येत होती. पसरता पसरता माझं लक्ष सगळ्या कागदांच्या पहिल्या ओळीकडे गेलं. त्या टीमची एक सवय होती. प्रत्येक मॅचची पहिली चाल त्यांची एकच असायची, बावीस नंबरचा गडी बॉल घेऊन एकाच बाजूनं पळायचा. पहिल्या चार कागदांवर लिहिलं होतं डावं. पुढच्या चार कागदांवर, माझ्या बारीक नेटक्या अक्षरात, उजवं.

मी एक जुनी टेप लावली, एक माझी लावली. दोन्हीकडे तोच गडी, त्याच बाजूनं पळत होता.

मी परत मोजायला बसलो नाही, गरजच नव्हती. माझे चार कागद उलटे केले की तराजू धाडकन डावीकडे पडत होता. आधीच्या मुलाचं डावं आणि माझं उजवं एकमेकांना खाऊन बसलं होतं, म्हणून तर ते इतकं सुबक दिसत होतं. कोचचा डोळा बरोबर होता आणि ते डावीकडूनच येणार होते, टेरेल जिथं उभा राहतो तिथूनच.

मी कागद गोळा केले आणि मैदानाकडे गेलो. पळतच गेलो. सांगायचं असंच ठरवून गेलो होतो, याची शपथ घेईन. मैदानावर हलका सराव चालला होता. टेरेल स्वेटशर्टमध्ये होता आणि त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला खांद्याला धरून दाखवत होता, पाय इथं ठेव, नजर इथं ठेव. आपली जागा शिकवत होता त्याला. त्यानं मला कुंपणापाशी पाहिलं आणि हात केला. मीही हात केला.

कोच जवळ आला. "प्रोफेसर, काही हवंय?"

आता सांगायचं तर काय सांगायचं? की तीन दिवसांचा सराव पाण्यात? की पहिल्या दिवशी सांगितलेला एकच नियम मला पाळता आला नाही? वर्षाच्या मध्यात मला काढलं तर फी, व्हिसा, आईचा फोनवरचा आवाज, सगळं एका दमात डोळ्यांसमोरून गेलं.

"नाही," मी म्हणालो. "टेप तयार आहे, एवढंच."

त्या दुपारी माझा रूममेट अमोल मला गाडीत घालून एडिसनला किराणा आणायला घेऊन गेला. अमोल नागपूरचा, त्याला मी ओक ट्री रोडवरच्या दुकानात पोह्यांचं पाकीट हातात धरून सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, तूरडाळ ट्रॉलीत टाकली आणि म्हणाला, "अबे, आता सांगून काय करतो? उद्या बाराला मॅच आहे. एका दिवसात ते काय बदलणार आहेत? उगाच स्वतःची वाट लावून घेशील यार."

"पण ते पोरगं बेंचवर बसणार ना."

"एक मॅच रे. एक मॅच बसलं तर काय होते?"

मला हेच ऐकायचं होतं, म्हणून तर मी अमोलला सांगितलं. काकूंना सांगितलं असतं तर ऐकावं लागलं असतं वेगळंच. काकू म्हणजे तिथंच वरच्या गल्लीत राहणाऱ्या, दर महिन्याला आम्हा दोघांना जेवायला बोलावणाऱ्या. दुकानातून निघताना अमोल म्हणाला, "काकूंकडे चक्कर टाकायची?" मी म्हणालो, "नको, अभ्यास आहे." त्या समोर आल्या असत्या तर त्यांनी माझा चेहरा वाचला असता.

शनिवारी लख्ख ऊन होतं आणि बोचरी थंडी. सीनियर मुलं एकेक करून मैदानात आली. टेरेलची आई बुटकी निघाली, त्याच्या कोपरापर्यंतही येत नव्हती. जांभळा कोट, डोक्यावर टोपी. त्यानं तिला फूल दिलं तेव्हा तिनं ते नाकाशी नेलं आणि मग त्याच्या गालावर चापट मारली. लोक हसले, टाळ्या झाल्या. हे मी स्टेडियमच्या माथ्यावरच्या काचेच्या खोलीतून बघत होतो. मॅचच्या दिवशी माझी जागा तिथं, कोचच्या शेजारी. तो हेडफोन लावून खाली सूचना द्यायचा आणि मी प्रत्येक चाल लिहायचो.

पहिली चाल. बावीस नंबर आपल्या डावीकडून पळाला, रिकाम्या दारातून घरात शिरावं तसा. मी कागदावर लिहिलं, डावं. यावेळी बरोबर लिहिलं.

"हं," कोच म्हणाला.

चौथी चाल डावीकडून, सहावी डावीकडून. तो दुसऱ्या वर्षाचा मुलगा जिवाच्या आकांतानं धडकत होता आणि दर वेळी आडवा होत होता. कोचनं माझा सोमवारचा तक्ता पुढ्यात ओढला, त्यावर बोट ठेवलं आणि खाली बघत राहिला. मी बेंचकडे पाहिलं. टेरेल उभा होता, हेल्मेट काखेत. समोरच्या रांगेतला जांभळा कोट मला शोधावा लागला नाही. पहिला हाफ संपला तेव्हा आम्ही चौदा-शून्यनं मागं होतो.

खाली ड्रेसिंगरूमकडे जायला एक जुनी लिफ्ट होती, चार मजले रखडत उतरणारी. त्यात कोच आणि मी, दोघंच. दार बंद झालं तसा मी बोललो.

"कोच, कागद चुकलाय. शेवटच्या चार मॅचेसमध्ये मी बाजू उलटी लिहिली. ते डावीकडेच येतात. तुमचा डोळा बरोबर होता."

कोच दाराकडे बघत होता. "चारही?"

"चारही."

"कधी कळलं तुला?"

तिसऱ्या मजल्याचा दिवा विझला, दुसऱ्याचा लागला. माझ्याकडे एक मजला होता. खरं उत्तर एका शब्दाचं होतं आणि खोटंही एकाच शब्दाचं.

"आत्ता," मी म्हणालो. "वरून बघताना."

दार उघडलं. कोचनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड होता, अजून आठवतो.

ड्रेसिंगरूममध्ये त्यानं बोर्ड पुसला आणि पुढे चार फुल्या काढल्या. "चूक झाली होती," तो सगळ्यांना म्हणाला. "प्रोफेसरनं वरून बघून पकडली. अशी माणसं हवीत. टेरेल, चल." टेरेलनं हेल्मेट चढवलं आणि जाता जाता मूठ माझ्या छातीवर हलकेच टेकवली.

दुसऱ्या हाफमध्ये ते डावीकडून आले आणि टेरेल तिथं होता. परत आले, परत होता. तो हाफ मी कसा लिहिला मला माहीत नाही, कागदावरची अक्षरं माझी वाटतच नाहीत. शेवटपर्यंत त्यांना एकही पॉइंट मिळाला नाही. आमचे दहा झाले, चार कमी पडले. आम्ही हरलो. एक हाफ आणखी असता तर, असं जो तो म्हणत होता. एक हाफ होता की. तो मी शुक्रवारी खिशात घालून किराण्याला गेलो होतो.

मॅच संपल्यावर टेरेलची आई मला शोधत आली. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "माझ्या पोराला मैदानात उतरवलंस तू. मी नऊ तास ड्राइव्ह केल्याचं सार्थक झालं." फूल तिच्या कोटाला लावलेलं होतं, थोडं मळलेलं. मी म्हणालो, "नो प्रॉब्लेम, मावशी." मावशी कुठून तोंडात आलं कोण जाणे. तिला ते माझं नाव वाटलं, तिनं मान हलवली.

डिसेंबरात परीक्षांच्या आठवड्यात टीमचं जेवण झालं आणि सगळ्यांसमोर कोचनं मला ते जॅकेट घातलं. खेळाडूंखेरीज ते कुणाला देत नसत. टेरेल पास झाला, मला मिठी मारून गेला. कोच दोन वर्षांनी निवृत्त झाला. मला पुढं चांगली नोकरी लागली, आणि आकड्यांबाबत फार काटेकोर माणूस म्हणून इथं माझं नाव आहे. कुणाची चूक झाली तर मी त्याला एकच विचारतो, कधी कळलं? लोकांना वाटतं मी खडूस आहे.

चुकीचं मला आता फारसं काही वाटत नाही. ओक ट्री रोडवरचा न्हावी सुद्धा आरशात बघून भांग उलट्या बाजूला पाडतो आणि आम्ही दोघं हसतो. माणूस चुकतो. पण शुक्रवारी दहा ते शनिवारी दीड, हे तास काही केल्या कुठल्या रकान्यात बसत नाहीत. लिफ्टमधला तो एक शब्द तर मुळीच नाही. आणि गंमत अशी की मी दुसऱ्या हाफमध्ये टेरेलला मैदानात उतरवलं हेही खरंच होतं, त्यामुळं पाच वर्षं मी त्याच अर्ध्या खऱ्यावर रेटत आलो.

आज सकाळी मृणालनं विचारलं, "नक्की काय आहे रे त्या जॅकेटचं?" मी तिला सांगितलं. सगळं, शुक्रवारपासून. ती चहाचा कप धरून उभी होती. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?" आणि ट्रेन पकडायला निघून गेली.

दुपारी ऑफिसखालच्या फूटपाथवर उभं राहून मी टेरेलला फोन लावला. वारा इतका होता की एक कान हातानं झाकावा लागला. त्याच्याकडे मधली सुट्टी असावी, मागं पोरांचा गलका होता.

"मॅन, येतोयस ना शनिवारी?"

"टेरेल, हाफटाइमला नाही कळलं मला. आधीच माहीत होतं."

"किती आधी?"

"शुक्रवारी. सकाळी दहाला."

मागं गलका चालूच होता. कुणीतरी शिट्टी वाजवली.

"शुक्रवारी दहाला मी मैदानावर होतो," तो म्हणाला. "त्या पोराला माझी जागा शिकवत होतो."

"माहीत आहे. मी कुंपणापाशी उभा होतो."

"हो. मी हात केला होता तुला."

"मीही केला."

माझ्यासमोरून एक बाई खोकं घेऊन गेली, वर एक कुंडी होती.

"आईला हे मी सांगणार नाही," तो म्हणाला. "तिची गोष्ट आहे तशी राहू दे."

"बरं."

"पोरांना मात्र तू सांगायचं. तूच. शुक्रवारपासून, कुंपणापासून, सगळं. साडेनऊला ये."

"येतो."

"आणि ते जॅकेट आणू नकोस."

"नाही आणत," मी म्हणालो.